कडीच्या डब्याचा धडा

कडीचा डबा पुन्हा ओट्यावर येऊन बसला तेव्हा सुवार्ता साळवे आपल्या दोन मुलांना धीर म्हणजे काय ते समजावून सांगत होती, आणि डबा दिसताक्षणी तिचा स्वतःचाच धीर सुटला.

डबा तसा साधाच. स्टीलचा, मध्यम, वर कडी, झाकणाला एका बाजूला पोचा. शेजारची हौसा तो दारात ठेवायची, "बाय, डबा ठेवलाय गो," एवढं म्हणायची आणि कुणी बाहेर येईपर्यंत कुंपणापलीकडे पोचलेली असायची. थांबली तर बोलणं होईल, बोलणं झालं तर समोरची नको म्हणेल, आणि नको म्हणणं आणि नको ऐकून घेणं दोन्ही त्या दोघींच्या रक्तात नव्हतं.

"आई, बघू का काय आलंय?" योनाने विचारलं.

"आधी धडा."

"मी झाकण उघडतो आणि मग धीर धरतो."

त्याची मोठी बहीण एस्तेर त्याला डोळ्यांनी दटावणार एवढ्यात डबा आपणहून थोडा सरकला. मग झाकण वर आलं, खाली बसलं, पुन्हा वर आलं आणि फटीतून एक नांगी बाहेर आली. हौसाने खाडीतल्या जिवंत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धाडल्या होत्या. त्यातली थोरली चिंबोरी पाटावरून चालत जाऊन थेट पवित्र शास्त्रावर चढून बसली आणि उतरेना. सुवार्ता खुर्चीवर, मुलं बाकावर, अशी ती सकाळची शाळा बराच वेळ चिंबोरीने चालवली. त्या दिवशी धीर म्हणजे काय ते तिघांनाही न शिकवता समजलं.

पेणहून खाडीकडे उतरलं की लागणाऱ्या गावात साळव्यांनी भाड्याने घर घेतलं होतं. सुवार्तेचा नवरा योसेफ नागोठण्याकडच्या एका कंपनीत शिफ्टला जायचा. त्याच्या कामापायी मुलांनी इतक्या शाळा पाहिल्या होत्या की आपल्या बाईंचं नाव काय, असं विचारलं तर योना आधी गाव विचारून घ्यायचा. शेवटी सुवार्तेने शाळाच घरी आणली. अक्षरं कुठेही शिकता येतात, तिचं म्हणणं, पण श्रद्धेचा आणि वळणाचा पाया घरच्याच माणसाने घालायचा असतो. खडकावरचं घर वादळात उभं राहतं आणि वाळूवरचं वाहून जातं, हे तिच्या आईने तिला चुलीपुढे बसवून शिकवलं होतं, बाकावर नव्हे. म्हणून सकाळी प्रार्थना, मग गणित, मराठी, इतर सगळं, आणि दर महिन्याला एक सद्गुण.

शाळा भरल्याची खूण म्हणून ती ताटावर पळी वाजवायची. त्या आवाजाला मुलं रमतगमत येत, पण हौसाच्या कोंबड्या धावत येऊन ओट्यावर रांग धरत. दाण्यांच्या आशेने येतात, असं सुवार्ता म्हणे. पण त्यातली तांबडी कोंबडी प्रार्थनेच्या वेळी डोळे मिटते आणि आमेन झाल्यावरच उघडते, हे अख्ख्या आळीने येऊन पाहिलं होतं.

गावाला मात्र ही शाळा काही केल्या उलगडत नव्हती. हौसाला कोडं पडलं होतं की शाळा घरातच, तर सुट्टी लागल्यावर पोरं जातात कुठं? पलीकडच्या आळीतली धोंडुबाई विचारायची, मास्तरीण आईच असली तर बाईंची तक्रार आईकडे कशी करायची? योनालाही नेमकी हीच अडचण होती, त्यामुळे त्याचं आणि धोंडुबाईचं चांगलं जमायचं.

पण सगळ्यांत जास्त पोटदुखी होती रोह्याला. तिथे योसेफचे वडील, मुलांचे आबा, राहायचे, दानिएल मास्तर. जन्मभर शाळेत मुलं शिकवलेली आणि आता तिथल्या चर्चच्या मंडळीचे वडीलधारे. सून घरी शाळा चालवते हे ऐकून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले होते, "घरातली शाळा म्हणजे घरी कापलेले केस. कापले जातात, नाही असं नाही. पण बघणारा विचारतो, आजारी होतास का?" त्यांनी निकालच लावून टाकला होता. नाताळ आटोपला की आबा येणार, दोघांची परीक्षा घेणार. पाया पक्का निघाला तर ठीक. नाहीतर जूनपासून एस्तेर आणि योना रोह्याला आबांच्या घरी, आबांच्या शाळेत. योसेफने मान डोलावली होती, कारण वडिलांपुढे मान डोलावणं हा त्याच्या लहानपणी पक्का झालेला पाया होता.

मुलं रोह्याला गेली तर या घरात ताट वाजवून कुणाला बोलवायचं, हा प्रश्न सुवार्तेला पडला होता. म्हणून तिने ठरवलं होतं की आबा येईपर्यंत एकेक सद्गुण असा ठोकून बसवायचा की आबांनी पहारीने खणलं तरी निघू नये. आणि तुळशीची लग्नं लागल्यावर तिने जो महिना काढला तो देण्याचा महिना होता. तिथेच सगळं चुकलं.

त्याच सुमाराला हौसाच्या थोरल्या लेकीचं लग्न झालं. गावच्या रिवाजाप्रमाणे ज्याच्या त्याच्या घरची भांडी खुणेचा दोरा बांधून लग्नघरी गेली. सुवार्तेनेही पातेली, परात, तवे दिले. लग्नानंतर तिची भांडी घासूनपुसून परत आली. आणि दुसऱ्या दिवशी आणखी एक आलं, तो कडीचा डबा, आत लग्नाचे बुंदीचे लाडू.

लाडू संपले. आता भांडं रिकामं परत करायचं नाही, ही रीत जशी या खाडीकाठच्या खारेपाटात तशीच सुवार्तेच्या माहेरी नगरकडे. पुन्हा देण्याचा महिना. तिने मुलांना जवळ बसवून सांगितलं की घेणाऱ्यापेक्षा देणारा सुखी, आणि नाताळच्या करंज्यांची पहिली खेप त्या डब्यात भरून एस्तेरच्या हाती हौसाकडे पाठवली. दोन्ही मुलांना धडा आवडला. डबा सुटला आणि सुवार्ता सुटली.

डबा परत आला. आत पोह्याचे पापड.

सुवार्तेला वाटलं, किती मोठ्या मनाची बाई. मोठ्या मनाला लहान मनाने उत्तर द्यायचं नाही म्हणून तिने केक करायला घेतला. ओव्हन नव्हता, तेव्हा कुकरात वाळू पसरून वर केकचं भांडं ठेवलं. केक मधोमध बसला. "आई, तू केक वाळूवर बांधलास," योना म्हणाला. हौसाकडे तो केक पोचला तेव्हा तिच्या नवऱ्याने, जनूने, आधी बोट लावून पाहिलं. दाबला की खाली जातो, सोडला की वर येतो. जनू म्हणाला, यात अजून जीव आहे, आणि रात्रीपर्यंत त्याने वाट पाहिली.

मग डबा जवळ्याने, बारीक सुक्या कोलंबीने, भरून आला. नारळाच्या वड्यांनी भरून गेला. वालाने भरून आला. चिवड्याने भरून गेला. चिंबोऱ्या घेऊन आला, ते तर सांगितलंच. दोन घरांमधल्या गवतात पायवाट पडली. डब्याची कडी हातांनी एवढी गुळगुळीत झाली की तिच्यात बघून हौसा कुंकू लावायची. योसेफचं पोट असं सुटलं की कंपनीच्या गेटवर वाकताना त्याच्या शर्टाचं बटण उडालं आणि वॉचमनच्या शिट्टीत जाऊन अडकलं. तेव्हापासून ती शिट्टी वाजायची बंद झाली, असं म्हणतात.

सुवार्तेला कळेना की हौसाचं चाललंय तरी काय. आपलाच डबा आपल्याकडे आला तर माणूस तो फळीवर ठेवतो. ही बाई पुन्हा भरून पाठवते. मागे काही नवस आहे का? आपण कुठे उपकार केलाय का? विचारायचं म्हटलं तर "तुमचा डबा घरात का ठेवत नाही" असं शेजारणीला तोंडावर कसं विचारायचं? आणि थांबायचं म्हटलं तर मुलं समोर. नुसतं एकदा ती म्हणाली की आता पुरे झालं, तर एस्तेरने शांतपणे विचारलं, "देण्याचा महिना संपला का, आई?" तेव्हा महिना केव्हाच संपला होता आणि धीराचा चालू झाला होता. पण धीराच्या महिन्यात देणं बंद करायचं, हेही तिला धडपणे पटवता येईना.

घरात शेवटी काही उरलं नाही त्या दिवशी एस्तेरनेच तोडगा काढला. आदल्या दिवशीचा धडा होता की माणसाने मिठासारखं असावं, जिथे जाईल तिथे चव आणावी. तिने रंगीत कागदात मिठाची छानशी पुडी बांधली, वर फूल काढलं आणि डब्यात ठेवून शेजारी दिली. सुवार्तेला ते कळलं तेव्हा डबा पोचला होता.

आता जनू मिठागरावर कामाला. त्याचा बाप मिठागरावर, आजा मिठागरावर. त्यांच्या घरी मीठ घरात येत नसे, घरच मिठात उभं होतं. हौसा ती पुडी हातात घेऊन उंबऱ्यावरच बसली. फूल काढलेलं मीठ, आणि तेही आपल्याला? तिने आठवून आठवून पाहिलं आणि तिच्या डोक्यात उजेड पडला. आपण दिलेल्या जवळ्यात मीठ कमी पडलं असणार, आणि ती शिकलेली बाई तोंडाने न बोलता असं सांगतेय. मिठागरवाल्याच्या बायकोच्या हातचं अळणी! जनू म्हणाला, जाऊ दे गो. पण हौसाने त्या रात्री जेवण टाकलं आणि सकाळी ठरवलं की नाव धुऊन काढायचं.

तिने पोपटी लावली. वालाच्या शेंगा, अंडी, मीठमसाला चोळलेली कोंबडी, सगळं भांबुर्ड्याच्या पाल्यात घालून मडक्यात भरलं, मडकं शेतात उपडं करून वर जाळ केला. वास असा सुटला की म्हणे पेणच्या स्टँडवर एस.टी.चा ड्रायव्हर गाडी सोडेना. डब्यात मावेल तेवढी पोपटी डब्यात, आणि उरलेली मडक्यासकट जनूच्या डोक्यावर, अशी ती वरात साळव्यांच्या दारी आली. तांबडी कोंबडी त्या दिवशी शाळेत आली नाही. ती डब्यात नव्हती, नुसती दुखवट्याला घरी होती.

सुवार्तेने मडकं ओट्यावर डब्याशेजारी मांडलं. आता डबा एक आणि मडकं एक.

याच दिवसांत गावात दुसरं एक प्रकरण चालू होतं. हौसाच्या लेकीच्या लग्नात धोंडुबाईचा डबा हरवला होता. तिने दही भरून दिला होता, तो परत आलाच नाही. पहिल्या दिवशी ती म्हणाली, भाताच्या डब्याएवढा होता. दुसऱ्या दिवशी तो हंड्याएवढा झाला. आठवड्याने त्याला पितळी कडी आली, मग तो मुंबईहून आणलेला निघाला, आणि पुढे त्यात अख्ख्या आळीचं दही लागत असे. हरवलेली वस्तू रोज वाढते, आणि धोंडुबाईच्या तोंडी तर ती भोपळ्याच्या वेलासारखी वाढायची. हौसाने एवढा मोठा डबा घरभर, परसात, विहिरीतसुद्धा शोधला. मिळाला नाही. धोंडुबाईने ग्रामदेवीला नारळ ठेवला की ज्याच्या घरात माझा डबा असेल त्याचा हात सुजेल.

सुवार्तेला तिची फार दया आली. तिने मुलांना नाणं हरवलेल्या बाईची गोष्ट सांगितली, दिवा लावून घर झाडणारीची. मग रोज सकाळी तिघं हात जोडून प्रार्थना करत की धोंडुमावशीचा डबा सापडू दे. प्रार्थना झाली की एस्तेर कडीचा डबा धुऊन पुसायची आणि सुवार्ता आज त्यात काय भरावं या काळजीत पडायची.

अशा सगळ्या गोंधळात आबा आले.

ते आले तेव्हा डबा खजुराच्या वड्या घेऊन हौसाकडे गेलेला होता. सुवार्तेने देवाचे आभार मानले, निदान परीक्षेपुरतं तरी ओटा मोकळा आहे. आबांनी चहा घेतला, ओट्यावर रांगेत बसलेल्या कोंबड्यांकडे पाहिलं आणि पटावर किती, एवढंच विचारलं. मग खुर्ची ओढून ते बसले. मुलं समोर. सुवार्ता दाराआड उभी राहिली आणि पदराचं टोक तिने असं पिळलं की त्यातून पाणी निघायचं बाकी होतं.

एस्तेरने गणित सोडवलं. वाचून दाखवलं. आबांचा चेहरा मात्र कुलूप लावल्यासारखा. ते म्हणाले, हे सगळं कुठलीही शाळा शिकवते. मग त्यांनी योनाला पुढे बोलावलं.

"चोरी करू नको म्हणजे काय रे?"

"दुसऱ्याची वस्तू आपल्या घरात ठेवायची नाही," योना म्हणाला. "चुकून आली तरी ज्याची त्याला द्यायची."

"बरं. आणि खोटी साक्ष?"

योना तोंड उघडणार तोच दारात हौसा. केस विस्कटलेले, कडेवर तो डबा. आबांना पाहून तिने पदर सावरला, पण आज ती डबा ठेवून पळाली नाही. आत आली आणि तो सुवार्तेच्या पायाशी टेकवला.

"बाय, मी हरले," ती म्हणाली. "ह्यो तुझा डबा आता तू घरात ठेव. लगीन झालं तवापासनं परत करतेय आनि तू मागारी धाडतेस. माझी वालाची कणगी रिकामी झाली गो. ह्ये म्हनतात, लेकीला लावलं नाय तेवढं ह्या डब्याला लावलं. शेवटचे वाल हायत, घालून आनलेत. रिकामा कसा आनू?"

सुवार्तेने डबा परत तिच्याकडे सरकवला. "माझा डबा? ताई, हा तुमचा डबा आहे."

"माझा? माझा असता त माझ्या घरात नसता ऱ्हायला?"

"मग लाडू घालून पहिल्यांदा कुणी पाठवला?"

"मीच. तुझा म्हनून. एवढा घासलेला डबा गावात आनि कुनाचा असनार? लग्नातले खुणेचे दोरे धुताना सुटले. मी म्हनलं, बायचाच."

दोघींच्या डोळ्यांपुढून करंज्या, जवळा, केक, चिंबोऱ्या, पोपटी असं सगळं मिरवत गेलं. आबांनी जन्मभर वर्गातले तंटे सोडवले होते. त्यांनी डबा उचलून स्टुलावर ठेवला आणि त्याच्याकडे असं पाहिलं की तो आता उभा राहून कबूल करेल.

"तुझा नाही," ते सुनेला म्हणाले. "आणि यांचा नाही. मग कुणाचा?"

एस्तेर हळूच म्हणाली, "लग्नात एकच डबा हरवला होता, आबा."

हौसाने दोन्ही हात गालांना लावले. मग लगेच काढून ते उलटसुलट करून पाहिले, सूज आहे का म्हणून. "नाय गो, नाय. धोंडुचा डबा कळशीच्या दुप्पट. पितळी कडीचा."

"तो नंतर मोठा झाला, काकी. पहिल्या दिवशी भाताच्या डब्याएवढाच होता."

आता झालं काय, की सत्य कळलं आणि त्याबरोबर धोंडुबाईचं तोंडही आठवलं. दोन घरांनी तिच्या डब्यात महिना-दोन महिने मेजवान्या झोडल्या, आणि ती गावभर रडत हिंडली. हौसाने आवाज खाली आणला. धोंडु दुपारी पापड लाटायला बसते, तेव्हा मागच्या पडवीत गोणपाटाखाली डबा सरकवून यायचं. सापडला की देवी पावली म्हणेल, नारळ फोडेल, आपल्यालाही खोबरं मिळेल. सुवार्तेने मान हलवली. तिला हलवायची नव्हती, पण हनुवटी आपली आपण खाली गेली. आबा खाकरले. सुनेचं नाव, म्हणजे साळव्यांचं नाव, आणि तेही परगावात खराब व्हायचं.

"म्हणजे खोटं असं त्यात काही नाही," आबा म्हणाले. "आपण नुसतं बोलायचं नाही."

योना अजून परीक्षेच्या जागीच उभा होता. त्याने आईकडे पाहिलं, आबांकडे पाहिलं, आणि त्याचा खरोखर गोंधळ उडाला.

"आबा, तुम्ही खोट्या साक्षीचं विचारत होतात ना," तो म्हणाला. "तर न बोलणं त्यात धरायचं की नाही? आई धरते. तुमच्या शाळेत कसं असतं?"

आबांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा पुसला. ओट्यावरच्या कोंबडीने डोळे मिटले.

"चपला घाला," आबा म्हणाले.

धोंडुबाईच्या ओट्यावर चार बायका पापड वाळत घालत बसल्या होत्या आणि धोंडुबाई मधोमध त्यांना डब्याची हकिगत सांगत होती. त्या दिवशी डब्यात बकरी मावत होती, उभी. पुढे योना, मागे डबा धरलेली एस्तेर, मग सुवार्ता, हौसा आणि काठी टेकत आबा अशी रांग समोर येऊन थांबली तेव्हा तिला वाटलं, कुणी वर्गणी मागायला आलंय.

आबांनी प्रस्तावनेला सुरुवात केली. ती संपेना म्हणून योनाने मधेच सांगून टाकलं, "मावशी, तुमचा डबा आमच्याकडे होता आणि काकींकडे होता. आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही त्यातलं खूप खाल्लं."

एस्तेरने डबा पुढे केला. बायकांनी पापड सोडले आणि डब्याकडे पाहिलं. मग धोंडुबाईकडे पाहिलं. मग पुन्हा डब्याकडे. त्यात बकरी सोडा, बकरीची शिंगंही मावली नसती.

धोंडुबाईचा रंग उतरला. "ह्यो?" ती म्हणाली. "ह्यो माझा नाय."

आता मात्र सगळ्यांचीच मती गुंग झाली. हौसाचा नाही, सुवार्तेचा नाही, आणि जिचा तिचाही नाही. सुवार्तेला क्षणभर वाटलं की हा डबा आता जन्मभर आपल्या मागे फिरणार, आणि आपल्या नातवंडांना कुणीतरी त्यात चिंबोऱ्या घालून देणार. तेवढ्यात आवाज ऐकून धोंडुबाईचा नवरा काळुराम आतून आला. डबा पाहिल्याबरोबर त्याचा हात आपोआप कपाळावर गेला.

"ह्योच," काळुराम म्हणाला.

"तुमी गप ऱ्हावा."

"गप कसा ऱ्हाऊ? ह्यो मी इसरंन व्हय?" त्याने झाकण उचललं, पोचा कपाळावरच्या टेंगळाला लावला, आणि झाकण तिथे असं बसलं की हात काढला तरी पडेना. त्याच अवस्थेत तो सगळ्यांकडे वळून म्हणाला, "मासळी खारट झाली म्हनलो व्हतो. येवढंच म्हनलो व्हतो."

धोंडुबाईने झाकण त्याच्या कपाळावरून ओढून काढलं. बायका वाट बघत होत्या. तिने डबा हातात घेतला, फिरवून पाहिला, कडीवर बोट फिरवलं आणि एक लांब सुस्कारा सोडला.

"त्योच असंल," ती म्हणाली. "पन झिजला किती गो बिचारा. दोन घरं फिरून फिरून. गेला तवा केवढा व्हता."

चारही बायकांनी मान डोलावली. त्या डब्याला दिवसातून दोनदा कुंपण ओलांडताना त्यांनी स्वतःच पाहिलं होतं. एवढं चालून कोण झिजणार नाही?

निघताना धोंडुबाईने आबांना थांबवलं. म्हातारा माणूस, एवढ्या उन्हातून खरं बोलायला आला. तिने हौसाचे वाल सुपात काढून घेतले, डब्यात पोह्याचे पापड रचले आणि तो आबांच्या हातात दिला.

आबा मागे सरकले. "अहो, हा तुमचा. इतक्या दिवसांनी मिळाला."

"मास्तर, हरवला तवा मी रडले. दिला त कोन रडतं?" ती म्हणाली, आणि मग आवाज उतरवून, "रोह्याला ऱ्हाऊ द्या थोडे दिस. हितं नको. लोक रोज बघतील नि मापं काढतील."

दुसऱ्या दिवशी सुवार्ता आबांना एस.टी.वर सोडायला पेणला गेली. गाडी लागली, आबा चढले, खिडकीशी बसले, डबा मांडीवर घेतला. तेव्हा तिला राहवेना.

"आबा, जूनचं काय ठरवलंत?"

आबा डब्याकडे बघत होते. "हे भांडं रिकामं परत द्यायचं नसतं ना?"

"नसतं."

"म्हणजे मला यावं लागणार. आणि धोंडुबाई ते ठेवून घेईल असं दिसत नाही."

"नाही ठेवायच्या."

"म्हणजे पुन्हा यावं लागणार." त्यांनी चष्मा पुसला. "मग मुलांना तिकडे नेऊन काय करू? मी तर इथेच असणार. योनाला सांग, न बोलणं खोट्यात धरायचं. आमच्या शाळेत धरत नव्हते, पण धरायला हवं होतं."

गाडी सुटली. वडखळच्या पुढे शेजारच्या सीटवर एक रोह्याचा ओळखीचा माणूस येऊन बसला. त्याला आबांच्या येण्याजाण्याची सगळी माहिती होती, जशी ती अख्ख्या मंडळीला होती.

"काय मास्तर, नातवंडं आणायला गेला होता ना?"

"हो."

"मग?"

आबांनी डबा थोडा जवळ ओढून घेतला. "मला एक सांगा," ते म्हणाले, "तुमच्या घरी करंज्या कुणाला चांगल्या येतात?"